ओले आले आणि सुंठ : घरच्या औषधात कोणते, कधी आणि किती

खोकला झाला की आल्याचा चहा, पोट फुगले की आल्याचा रस आणि अंग कसकसले की आल्याचा काढा, अशी सरसकट योजना बहुतेक घरांत चालते. ओले आले संपलेले असेल तर सुंठेची चिमूट टाकून काम भागवले जाते. एकाच कंदाची ही दोन रूपे असली तरी औषध म्हणून ती एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरण्याजोगी नाहीत. आयुर्वेदाने ओल्या आल्याला ‘आर्द्रक’ आणि सुकवलेल्याला ‘शुंठी’ अशी वेगळी नावे देऊन दोघांचे गुणही वेगवेगळे सांगितले आहेत. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ ग्रंथात ओले आले पचायला जड आणि रूक्ष मानले आहे, तर सुंठ हलकी आणि स्निग्ध मानली आहे. दोन्ही उष्ण, दोन्ही भूक वाढवणारी आणि दोन्ही कफ व वात कमी करणारी असली, तरी पित्ताची प्रकृती असलेल्या माणसाला हा फरक पहिल्या दोन दिवसांतच जाणवतो.

रसायनशास्त्राच्या बाजूनेही या वेगळेपणाला आधार मिळतो. ओल्या आल्याचा तिखटपणा प्रामुख्याने जिंजेरॉल या द्रव्यामुळे येतो. कंद वाळताना किंवा तापताना जिंजेरॉलमधून पाण्याचा अंश निघून जातो आणि त्याचे शोगाओल बनते, जे चवीला त्याहून बरेच तिखट असते. आले शिजवले की जिंजेरॉलपासून झिंजेरॉन नावाचे सौम्य, किंचित गोडसर वासाचे द्रव्यही तयार होते. म्हणजे कच्चे आले, उकळलेले आले आणि सुंठ यांतून शरीरात जाणारी द्रव्ये मुळातच वेगळ्या प्रमाणात असतात.

या भेदाचे सर्वांत बोलके उदाहरण तापाचे आहे. ‘भावप्रकाशा’ने ताप, अंगाची आग, रक्तपित्त (शरीरातून रक्त पडणे), मूत्रकृच्छ्र (लघवी त्रासाने होणे), पांडुरोग (रक्तक्षय), त्वचारोग आणि व्रण यांत ओले आले वर्ज्य सांगितले आहे, शिवाय ग्रीष्म आणि शरद या दोन ऋतूंतही ते हितकर नसल्याचे म्हटले आहे. याउलट तापातच देण्याचे जे प्रसिद्ध षडंगोदक, म्हणजे सहा औषधींचे पाणी, आहे, त्यात नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन आणि सुगंधी वाळा यांच्या जोडीला सुंठ आहे, आणि तीही चौसष्टपट पाण्यात घालून ते पाणी निम्मे होईपर्यंत उकळण्याइतक्या सौम्य प्रमाणात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये आमरसाच्या वाटीत तूप आणि चिमूटभर सुंठ घालतात, ओले आले कोणी किसून घालत नाही, या स्वयंपाकघरातल्या रिवाजामागेही हाच विचार दिसतो.

बाजारातून आले निवडताना

महाराष्ट्रात आल्याचे मोठे क्षेत्र सातारा जिल्ह्यात आहे. तिथल्या सातारा-कोरेगाव पट्ट्यातील आले पुण्या-मुंबईच्या बाजारात ‘सातारी’ म्हणून ओळखले जाते, आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातही हे पीक मोठ्या प्रमाणावर घेतले जाते. राज्यात माहीम ही जात जुनी आणि रुळलेली आहे. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावलेले आले आठ-नऊ महिन्यांनी पक्व होते, पाने पिवळी पडून वाळू लागतात आणि मग काढणी होते. त्याआधी, पावसाळ्याच्या अखेरीस, कोवळे आलेही बाजारात येते. कोवळ्या आल्याची साल नखाने सहज निघते, ते रसदार असते, पण त्याचा तिखटपणा कमी असतो. लोणच्यासाठी ते उत्तम आहे, औषधासाठी मात्र जून आलेच घ्यावे.

जून आल्याची परीक्षा अवघड नाही. आल्याचे एखादे बोट, म्हणजे कंदाचा फाटा, मोडून पाहिल्यास कटकन तुटावे, तुटलेल्या तोंडाशी बारीक तंतू दिसावेत आणि वास लगेच नाकात शिरावा. कंद हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने वजनदार लागला पाहिजे. हलका लागला तर तो आतून सुकलेला असतो. धुऊन चकचकीत केलेल्या आल्यापेक्षा माती लागलेले आले मी पसंत करतो, कारण माती धुता येते, पण धुताना साल खरचटलेले आले दोन दिवसांत बुरशी धरते. कोंब फुटलेले आले वापरण्यास हरकत नाही. एखादे बोट मऊ, पाणचट आणि कुजकट वासाचे असेल, तर ते काढून उरलेले घेण्याचा मोह टाळावा. भाजीत अशी काटकसर एक वेळ चालून जाईल, औषधात चालत नाही.

घरी आणल्यावर आले धुऊ नये. लगेच लागणारे आले सालीसकट कागदात किंवा सुती कापडात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावे आणि जास्त काळ टिकवायचे असल्यास कुंडीतल्या किंचित ओलसर वाळूत पुरून ठेवावे. प्लास्टिकच्या बंद पिशवीत त्याला घाम येतो आणि तिथूनच बुरशीची सुरुवात होते.

घरी सुंठ करण्याची रीत

बाजारातल्या सुंठेवर पुष्कळदा पांढरी भुकटी दिसते. ती चुन्याची असते. सुंठ पांढरी दिसावी आणि तिला कीड लागू नये म्हणून वाळवण्यापूर्वी ती चुन्याच्या निवळीत बुडवण्याची पद्धत जुनी आहे. न चुनवलेली सुंठ तपकिरी, मातकट रंगाची असते आणि औषधासाठी तीच घ्यावी. पण सोपा मार्ग म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, जून आले स्वस्त असते आणि ऊन कोरडे असते तेव्हा, वर्षभराची सुंठ घरीच करून ठेवणे.

एक किलो जून आले रात्रभर पाण्यात भिजत घालावे, म्हणजे सांध्यांतली माती सुटते आणि साल मऊ पडते. सकाळी बोटे मोडून वेगळी करावीत आणि दोन-तीन पाण्यांनी चोळून धुवावीत. त्यानंतर साल खरवडायची असते, सोलायची नसते. आल्यातील सुगंधी तेलाच्या पेशी सालीच्या लगेच खाली दाटीने असतात, त्यामुळे सुरीने जाड साल काढली की औषधाचा मोठा भाग सालीबरोबर कचऱ्यात जातो. सुंठ करणारे लोक यासाठी बांबूची धारदार कामटी वापरतात, कारण लोखंडी पात्याने आल्यावर काळपट डाग पडतात. घरी स्टीलच्या चमच्याच्या कडेने हे काम छान होते. चमचा कंदावर हलक्या हाताने ओढला की साल ओल्या कागदाच्या सुरळीसारखी गोळा होऊन निघते आणि खालचा पिवळसर गर अखंड राहतो. सांध्यांच्या खाचांतली साल राहिली तरी बिघडत नाही.

खरवडलेले तुकडे पुन्हा एकदा धुऊन, निथळून, स्वच्छ कापडावर एकमेकांना न चिकटता पसरावेत आणि कडक उन्हात ठेवावेत. दिवसातून दोनदा उलटावेत आणि संध्याकाळी घरात आणावेत, कारण रात्रीचे दव दिवसभराच्या कमाईवर पाणी फिरवते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुकडे बाहेरून सुरकुततात आणि वाळल्यासारखे वाटतात, पण तेव्हाच फसगत होते. असा तुकडा वाकवला तर वाकतो आणि मोडून पाहिला तर मध्यभागी गडद, ओलसर ठिपका दिसतो. अख्खे तुकडे पूर्ण वाळायला साधारण आठ ते दहा दिवसांचे चांगले ऊन लागते. वाळलेली सुंठ हाताने मोडताना टणकपणे तुटते, आतला भाग सर्वत्र एकसारखा फिकट आणि पिठूळ दिसतो आणि तुकडे एकमेकांवर आपटल्यास खडखडतात. वजनावरूनही अंदाज घेता येतो, कारण एक किलो आल्याची जेमतेम दोनशे ग्रॅमच्या आसपास सुंठ उतरते.

शहरातील सदनिकेत दहा दिवसांचे ऊन मिळत नसेल, तर आल्याच्या तीन-चार मिलिमीटर जाडीच्या चकत्या करून त्या वाळवाव्यात. त्या तीन-चार दिवसांत कडक होतात. चकत्यांतून सुगंध अधिक उडतो, त्यामुळे ही सुंठ अख्ख्या सुंठेच्या तोडीची होत नाही, परंतु अर्धवट वाळून बुरशी आलेल्या अख्ख्या सुंठेपेक्षा ती शतपटीने बरी. वाळवताना एखाद्या तुकड्यावर पांढरी-हिरवी लव दिसली तर तो तुकडा पुसून वापरण्याऐवजी टाकून द्यावा.

तयार सुंठ काचेच्या कोरड्या बरणीत, घट्ट झाकणाखाली ठेवावी आणि पावसाळ्यापूर्वी एकदा ऊन दाखवावे. सुंठेला भुंगेरे लागतात. बारीक छिद्रे आणि बरणीच्या तळाशी पिठासारखा भुगा दिसला, की ती सुंठ औषधाच्या कामाची राहत नाही. पूड एकदम सगळ्याची न करता महिनाभर पुरेल एवढीच करावी. सुंठ आधी खलबत्त्यात ठेचून मग मिक्सरमध्ये फिरवावी आणि पातळ मलमलीतून गाळून घ्यावी. या वस्त्रगाळ पुडीत दोरे राहत नाहीत, त्यामुळे ती घशाला खवखवत नाही. वर राहिलेला चोथा चहाच्या मसाल्यात जातो.

मापाविषयी

घरगुती औषधाची सगळ्यात मोठी अडचण ‘थोडेसे’ या मापाची आहे. सुंठेच्या पुडीचा सपाट भरलेला एक चहाचा चमचा अंदाजे दोन ग्रॅमचा भरतो. निरोगी प्रौढ व्यक्तीने दिवसभरात मिळून एक ते दोन ग्रॅम सुंठ, म्हणजे अर्धा ते एक चमचा, दोन-तीन वेळा विभागून घेणे ही सर्वसाधारण मर्यादा समजावी. ओल्या आल्याचा विचार करताना वरचे वजनाचे गणित उलटे लावावे : पाच ग्रॅम ओले आले, म्हणजे अंगठ्याच्या पेराच्या साधारण निम्मा तुकडा, हे सुमारे एक ग्रॅम सुंठेच्या बरोबरीचे होते. यात स्वयंपाकातले आले आणि दिवसभरातले आल्याचे चहाही धरायचे असतात, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

कोणत्या तक्रारीवर कोणते रूप

भूक मंदावणे, तोंडाला चव नसणे आणि जेवणानंतर पोट जड होणे यांसाठी ओले आले सरस आहे. जेवणाच्या सुरुवातीला मीठ लावलेले आले खावे, हा आयुर्वेदातील अतिशय प्रसिद्ध सल्ला आहे. आल्याची कागदासारखी पातळ चकती, तिच्यावर सैंधवाचे चार कण आणि आवडत असल्यास लिंबाचे दोन थेंब एवढे जेवणाआधी दहा मिनिटे चावून खावे. याचेच टिकाऊ रूप म्हणजे पाचक. आले किसून, पिळून रस काढावा आणि तो काचेच्या भांड्यात अर्धा तास स्थिर ठेवावा. तळाशी पांढरट साका बसतो, तो आल्यातील पिष्टमय भाग असतो. वरचा स्वच्छ रस हळूच ओतून घ्यावा आणि साका सोडून द्यावा, म्हणजे पाचक लवकर आंबत नाही. या रसात तेवढाच लिंबाचा रस, चवीपुरते सैंधव, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि हवी तर थोडी साखर घालून ते काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवावे आणि आठवडाभरात संपवावे. एक चमचा पाचक अर्धी वाटी पाण्यात घालून घेणे पुरेसे होते.

कफाच्या, ओल्या खोकल्यासाठी आल्याचा रस आणि मध समप्रमाणात, प्रत्येकी अर्धा चमचा, दिवसातून दोन-तीन वेळा चाटवतात. रस किंचित कोमट करावा आणि खाली उतरवल्यावर मध मिसळावा, कारण आयुर्वेदाला मध तापवणे मान्य नाही. खोकला कोरडा असेल, घशाची आग होत असेल, तर आले वाढवत नेण्यात अर्थ नाही. तिथे ज्येष्ठमधाचा तुकडा चघळणे अधिक शहाणपणाचे ठरते. साध्या सर्दी-खोकल्याचे दुखणे आठ-दहा दिवसांत आपोआपच ओसरते, त्यामुळे ‘सुंठीवाचून खोकला गेला’ ही म्हण वैद्यकीयदृष्ट्याही पुष्कळशी खरी आहे. आल्याने या दिवसांत घशाला आराम मिळतो, इतकीच अपेक्षा ठेवावी.

चहात किंवा दुधात आले घालण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. कच्च्या आल्याच्या रसात झिंजिबेन नावाचे, प्रथिनांचे विघटन करणारे विकर (एन्झाइम) असते आणि त्यामुळे दूध फाटते. ठेचलेले आले आधी पाण्यात तीन-चार मिनिटे खळखळ उकळले की हे विकर निष्क्रिय होते आणि मग दूध घालता येते. रात्री दूध घेणाऱ्यांनी त्यात ओल्या आल्याऐवजी पाव चमचा सुंठ घालावी. ती फाटण्याचा धोका टाळते आणि दूध पचायलाही मदत करते.

काढ्याच्या बाबतीत २०२० सालची आठवण ठेवण्यासारखी आहे. त्या वर्षी आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ आणि मिरी यांचा काढा सुचवला होता. त्याचे प्रमाण तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन आणि मिरी एक असे होते, आणि एका वेळी तीन ग्रॅम मिश्रण दीडशे मिलिलिटर पाण्यासाठी होते. म्हणजे एका कपात सुंठ पाऊण ग्रॅमहून कमी. घरोघरी मात्र मूठभर आले, दहा-बारा मिरी, लवंगा आणि ओवा घालून तो दिवसातून चार वेळा पिण्यात आला, आणि छातीत जळजळ झाली की दोष काढ्याला दिला गेला. तीन ग्रॅम मिश्रण, दीडशे मिलिलिटर पाणी, तीन-चार मिनिटे उकळी, मग गाळून त्यात गूळ किंवा लिंबू, आणि दिवसातून एकदा, फार तर दोनदा, एवढी शिस्त पाळल्यास हा काढा सर्दीच्या दिवसांत उपयोगी आहे.

मळमळीवर आल्याचा उपयोग होतो, याला आधुनिक संशोधनाचा सर्वांत भक्कम आधार आहे. १९८८ साली डेन्मार्कमध्ये नौदलाच्या ८० प्रशिक्षणार्थींवर, खवळलेल्या समुद्रात, एक ग्रॅम सुंठ-पूड विरुद्ध निष्क्रिय पूड अशी चाचणी झाली आणि सुंठ घेतलेल्यांत उलट्या व थंड घाम यांचे प्रमाण कमी आढळले. घाटरस्त्याच्या प्रवासाआधी अर्ध्या तासाने, पाव ते अर्धा चमचा सुंठ गुळाच्या गोळीत वळून घेणे हा त्याचा घरगुती प्रकार होय. गरोदरपणातील सकाळच्या मळमळीतही दिवसाला एक ग्रॅम सुंठ चार वेळांत विभागून देण्याचे चांगले अनुभव अनेक अभ्यासांत नोंदले गेले आहेत, तरी गरोदर स्त्रीने ती आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

डोकेदुखीवर सुंठ सहाणेवर थेंबभर पाण्यात उगाळून, कोमट करून कपाळावर लेप देतात. तो डोळ्यांपासून दूर ठेवावा, आग होऊ लागताच धुवावा आणि खरचटलेल्या त्वचेवर लावू नये.

आलेपाक

औषध म्हणून टिकणारा आणि मुलेही आनंदाने खातात असा प्रकार म्हणजे आलेपाकाच्या वड्या. खरवडलेल्या जून आल्याचे तुकडे एक वाटी घेऊन अर्धी वाटी दुधाबरोबर मिक्सरमध्ये वाटावेत. त्यात दोन वाट्या साखर मिसळून जाड बुडाच्या कढईत मध्यम आचेवर सतत ढवळावे. सुरुवातीला दूध फाटल्यासारखे दिसते, त्याचे कारण वर सांगितलेले विकरच आहे. वडीत ते मिळून येते, त्यामुळे घाबरू नये. साखर विरघळून मिश्रण पातळ होते, मग मोठे बुडबुडे येतात, पुढे बुडबुडे लहान आणि जड होतात आणि शेवटी गोळा कढईच्या कडा सोडून झाऱ्याभोवती फिरू लागतो. कडेला पांढरी साखर जमू लागली की लगेच उतरवून दोन मिनिटे घोटावे आणि तूप लावलेल्या ताटात थापावे. कोमट असतानाच वड्या पाडाव्यात. एक छोटी वडी एका वेळी पुरे. मधुमेह्यांसाठी मात्र हा प्रकार नाही.

कोणी जपून वापरावे

आम्लपित्त, जठरातील व्रण, मूळव्याधीतून रक्त पडणे आणि नाकाचा घोळणा फुटणे या तक्रारी असणाऱ्यांनी कच्चे आले औषध म्हणून घेऊ नये, आणि उन्हाळ्यात व ऑक्टोबरच्या उष्म्यात तर विशेष टाळावे. पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय नियमित सुंठ सुरू करू नये. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांत आल्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. भाजी-आमटीतले आले त्यांना चालते, पण रोजचा चमचाभर रस किंवा पूड डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तरी हीच खबरदारी लागू आहे. ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी औषधी मात्रेत आले घेणे दोन आठवडे आधीच थांबवावे आणि भूलतज्ज्ञांनाही त्याची कल्पना द्यावी.

बाळगुटीत सुंठेचे वेढे देण्याची परंपरा आहे, मात्र पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नये, असा बालरोगतज्ज्ञांचा स्पष्ट सल्ला आहे आणि तोच पाळावा. एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये, कारण त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर विकार होऊ शकतो, म्हणून आले-मधाचे चाटण त्या वयात पूर्णपणे वर्ज्य आहे. खोकला तीन आठवड्यांहून अधिक टिकला, थुंकीतून रक्त आले, दम लागू लागला, किंवा पोटदुखीबरोबर ताप, सतत उलट्या अथवा काळी शौच दिसली, तर घरचे चाटण आणि काढे थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा, आणि आतापर्यंत काय व किती घेतले ते डॉक्टरांना मापासहित सांगावे.